दोन वर्षं न विकलेला फ्लॅट आणि पाचवी एजंट

पत्राचा सारांश: पुण्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. बिल्डरच्या सेल्स ऑफिसात काही वर्षं काढून आता त्या स्वतंत्रपणे एजंटचं काम करतात, मुख्यतः रिसेल फ्लॅटचं. ‘इतरांकडून विकली न गेलेली घरं विकून देणारी’ अशी ओळख करायचं त्यांच्या मनात आहे. असं पहिलंच घर समोर आलंय ते कोथरूडमधलं. इमारत १९९४ची, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन बेडरूम. मालक पंचाहत्तरी ओलांडलेले काका, एकटेच राहतात. काकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा अमेरिकेत, मुलगी नाशिकला. घर विकायचं मुलानं सुचवलं. दोन वर्षांत चार एजंट झाले. काकांचा भाव १ कोटी १५ लाख, ऑफर मात्र ८८ ते ९२ लाखांच्या. ‘मध्ये एकदा टोकनपर्यंत गेलं होतं, पण पार्टी फिरली.’ येणाऱ्या प्रत्येकाला काका बसवतात, स्वतः चहा करतात, घर कसं घेतलं ते सांगतात आणि निरोप देताना म्हणतात, ‘मला काही घाई नाही.’ सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा आहे. व्यवसायातले एक ज्येष्ठ या ताईंना म्हणतात, ‘आधी काकांच्या भावाला हो म्हण, काम हातात घे, तीन महिन्यांत आपोआप खाली येतील. सगळे हेच करतात.’ ताई विचारतात: असं करावं का? आधीच्या एजंटांनी केलं नाही असं वेगळं मी काय करू? आणि अशा अडकलेल्या घरांवर माझा धंदा उभा राहील का?

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ‘टोकनपर्यंत गेलं होतं, पण पार्टी फिरली.’ टोकन देणारा माणूस सहसा उगाच फिरत नाही. त्यानं घर पाहिलेलं असतं, बायकोला आणि आईवडिलांना दाखवलेलं असतं, भावावर घासाघीस करून झालेली असते. तीन जिने चढूनही त्याला ते घर हवं होतं. मग फिरला कशामुळे? हे काकांना माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि बहुधा त्या वेळच्या एजंटनं ते कधी खोलात जाऊन विचारलंच नाही. तुमचं काम इथून सुरू होतं. घर विकायच्या आधी, ते का विकलं गेलं नाही याचा शोध घ्यायचा.

माझा अंदाज सांगते. चुकीचाही असू शकेल, पण तपासायला सोपा आहे. १९९४चा करारनामा मागून घ्या आणि पहिल्या पानावर खरेदीदार म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा. नोकरदार जोडप्यानं घेतलेल्या घरावर अनेकदा दोघांची नावं असतात. काकूंचं नाव असेल, त्यांनी इच्छापत्र केलं नसेल आणि कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू असेल, तर काकूंच्या हिश्शाचे वारस काका, मुलगा आणि मुलगी हे तिघं, सारख्या वाट्यानं. दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा धरला तर मुलाचा आणि मुलीचा प्रत्येकी एक षष्ठांश. म्हणजे काका एकटे हे घर विकूच शकत नाहीत. खरेदीदाराच्या बँकेचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासल्याचा अहवाल, काढायला बसला की त्याचा पहिला प्रश्न हाच असतो. त्याचं उत्तर तयार नसलं की कर्ज अडतं, आणि घर आवडलेला माणूस टोकन परत मागतो.

काका म्हणतील, ‘सोसायटीत नॉमिनी मीच आहे, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढलंय.’ खूप घरांत हाच समज असतो. नामनिर्देशनामुळे सोसायटी कोणाशी व्यवहार करायचा ते ठरतं, मालकी ठरत नाही. वारसांचा हक्क शाबूत राहतो.

यातून वाट काढता येते. मुलगा आणि मुलगी वडिलांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून देऊ शकतात, किंवा तिघंही विक्रेते म्हणून खरेदीखतावर सही करू शकतात. मुलगा अमेरिकेत आहे, त्यामुळे तो स्वतः सही करायला येणार नसेल तर यातलं काहीही करायचं तरी त्याचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) लागेल. भारतीय वकिलातीत सही करून ते इथे आलं की तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही मुदत लोक हमखास विसरतात. मुलगा विक्रेता म्हणून राहिला तर आणखी एक गोष्ट येते. निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार सरळ १ टक्का टीडीएस कापतो, पण अनिवासी विक्रेत्याच्या वाट्याला वेगळे, बरेच जड नियम लागतात. साधा नोकरदार खरेदीदार ते ऐकूनच बिचकतो. म्हणून हे सगळं जाहिरात टाकायच्या आधी एखाद्या चांगल्या वकिलाकडून मार्गी लावून घ्या.

इथे थोडं थांबून एक सांगावंसं वाटतं. हक्कसोडपत्राचा विषय निघाला की मुलीला फोन करून ‘तेवढी सही करून टाक’ म्हणायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. व्यवहार लवकर व्हावा म्हणून एजंटही त्यात सामील होतो. तुम्ही होऊ नका. नाशिकच्या मुलीला तिचा हक्क काय आहे ते स्वच्छ शब्दांत कळू द्या. तिला हिस्सा सोडायचा असेल तर ती सोडेल, घ्यायचा असेल तर विक्रेती म्हणून सही करेल आणि तिचा वाटा तिच्या खात्यात जाईल. दोन्ही मार्गांनी घर विकलं जातं. दबावानं घेतलेल्या सहीचा वाद मात्र पुढे कोर्टात जाऊ शकतो, तेव्हा ते घर विकत घेणारं कुटुंबही नाहक त्यात ओढलं जातं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही कागदांपेक्षा नाजूक आहे.

काकांना घर विकायचंय असं तुम्ही धरून चालला आहात. चारही एजंट तसंच धरून चालले. पण तुमच्याच पत्रात लिहिलंय की विकायचं मुलानं सुचवलं. येणाऱ्याला चहा करून देणारे, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणारे, ‘मला घाई नाही’ म्हणणारे काका मला त्या घरातून निघायच्या तयारीत दिसत नाहीत. १ कोटी १५ लाख हा आकडा कदाचित भाव नसेलच. मुलाला सरळ नाही म्हणता येत नाही म्हणून काकांनी धरून ठेवलेली ती एक जागा असेल. ऑफर येते, आकड्याला अडते आणि काका आपल्या घरात राहतात.

हे कळायला एक प्रश्न पुरतो. इतर कोणी नसताना, फॉर्म आणि फोन बाजूला ठेवून विचारा: ‘काका, घर विकल्यावर तुम्ही कुठे राहणार?’ उत्तर ठाम आलं, म्हणजे ‘नाशिकला लेकीच्या शेजारच्या इमारतीत वन बीएचके बघून ठेवलाय’ असं काही, तर पुढे जा. ‘बघू, मुलगा म्हणेल तसं’ असं आलं, तर तुमच्याकडे आज विकायला घर नाही. तसं मुलालाही सांगा, पण काकांच्या परवानगीनं.

मग त्यांना मोकळं सोडायचं का? तसंही नाही. पंचाहत्तरीनंतर लिफ्टशिवाय तिसरा मजला ही खरीच अडचण आहे. भाजी, दूध, गॅस, औषधं, आणि उद्या गुडघा दुखावला तर खाली उतरायचं कसं? काकांना कदाचित घर सोडायचंय पण कोथरूड नाही. सकाळचं फिरणं, ओळखीचा डॉक्टर, कट्ट्यावरची मंडळी इथेच हवी असतील. तसं असेल तर त्याच गल्लीत, लिफ्टच्या इमारतीतलं किंवा तळमजल्यावरचं लहान घर आधी भाड्यानं बघून द्या. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, काकांना तिथे राहून बघू द्या. आवडलं तर जुनं घर विकायला ते स्वतःच फोन करतील, आणि तेव्हा रिकामं घर दाखवणंही सोपं होईल. जिथे जायचं ते ठिकाण आधी, विक्री नंतर, हा क्रम ज्येष्ठांच्या घरांसाठी मला फार मोलाचा वाटतो. आधीचे एजंट उलट्या टोकानं सुरुवात करतात आणि दोन-दोन वर्षं व्हिजिट करत बसतात.

समजा, काकांना खरंच विकायचंय. मग भावाचं बोलावं लागेल, आणि इथे तुमच्या ज्येष्ठांचा सल्ला येतो. माझं उत्तर: नाही, असं करू नका. ‘सगळे हेच करतात’ हे त्यांचं म्हणणं खरं असेल, म्हणूनच तर घर दोन वर्षं पडून आहे. चार जणांनी काकांना हो म्हटलं, म्हणून तो आकडा त्यांच्या मनात पक्का झाला. पाचव्यांदा हो ऐकल्यावर त्यांना वाटेल की भाव बरोबरच आहे, एजंटच कमी पडले. तीन महिन्यांनी तुम्ही ९२ लाखांचं बोलायला जाल तेव्हा त्यांच्या लेखी तुम्हीही त्यातल्याच. आणि मध्ये ते तीन महिने गेले ते गेलेच.

त्याऐवजी पहिल्याच भेटीत दोन कागद घेऊन जा.

पहिला कागद खऱ्या व्यवहारांचा. काकांनी १ कोटी १५ लाख कुठून आणले? बहुतेक पोर्टलवरच्या जाहिरातींवरून, किंवा शेजारच्यांनी ‘आमचा इतक्याला चाललाय’ म्हटल्यावरून. जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची सोय आहे. गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपला इंडेक्स टू, बघता येतो: कोणी कोणाला, किती क्षेत्रफळ, किती मोबदला. काकांच्या इमारतीतले आणि आसपासच्या त्याच वयाच्या इमारतींतले अलीकडचे व्यवहार काढा. लिफ्ट असलेले वेगळे करा, नसलेले वेगळे. क्षेत्रफळ सगळीकडे एकाच मापात आणा, कारण जुन्या करारात बिल्ट-अप (भिंतींसकट) असतं, काही जाहिरातींत सुपर बिल्ट-अप (जिना-लॉबीचा वाटा धरून) आणि नव्या इमारतींत रेरा कायद्यातलं कार्पेट (आतली वापरायची जागा). हे न करता चौरस फुटाचा दर काढला तर काकांची दिशाभूल होते आणि तुमचीही. काकांचा फ्लॅट टेप घेऊन स्वतः मोजा. घर बघायला येणारा कुठल्याशा जाहिरातीत ‘९५० स्क्वेअर फूट’ वाचून येतो आणि हॉलमध्ये उभा राहिल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं. तो भावाचं कारण देऊन जातो, पण खरं कारण ते असतं.

दुसरा कागद खरेदीदाराच्या खिशाचा. हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो कोणी दाखवतच नाही. बँक कर्ज देते ते सहसा करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरनं, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्यानं, काढलेली किंमत यांतल्या कमी आकड्यावर. समजा, व्हॅल्युअरनं या घराची किंमत ८८ लाख काढली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे इथे ७० लाख ४० हजार. त्याहून जास्त नाही, मग काकांचा भाव काहीही असो. आता खरेदीदाराला स्वतःचे किती घालावे लागतील ते काकांसमोर पेनानं मांडा.

भाव ९२ लाख असेल तर घराचे २१ लाख ६० हजार, पुण्यात पुरुषाच्या नावावर ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ६ लाख ४४ हजार, नोंदणीचे ३० हजार. एकूण २८ लाख ३४ हजार. भाव १ कोटी १५ लाख असेल तर घराचे ४४ लाख ६० हजार, मुद्रांक ८ लाख ५ हजार, नोंदणी तीच. एकूण ५२ लाख ९५ हजार. दलाली, रंगरंगोटी दोन्हीकडे वेगळी. (फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क ६ टक्के पडतं. हे खरेदीदाराला जरूर सांगा, लाखभर वाचतात.)

म्हणजे भावात फरक २३ लाखांचा, आणि खरेदीदाराला रोख उभे करावे लागणारे पैसे मात्र २८ लाखांवरून थेट ५३ लाखांवर. पहिल्या रकमेचं नोकरदार जोडपं कोथरूडमध्ये सापडतं. ज्याच्याकडे ५३ लाख हातात आहेत तो लिफ्ट आणि पार्किंग असलेली नवी इमारत बघतो. ‘काका, तुमचं घर वाईट नाही. या भावाला जो घेऊ शकतो त्याला तिसरा मजला नको आहे, आणि ज्याला चालतो त्याला बँक एवढं कर्ज देत नाही.’ हे वाक्य तुम्ही तुमच्या शब्दांत म्हणा. काकांसारखी हिशेब समजणारी माणसं आकड्यानं दुखावत नाहीत. ‘मार्केट डाउन आहे’ अशा मोघम बोलण्यानं दुखावतात.

या टप्प्यावर कोणीतरी ‘वरचे’ घ्यायची कल्पना काढेल: करारात ९० दाखवू, बाकी रोख. स्पष्ट नकार द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेतली तर तितकाच दंड विक्रेत्याला होऊ शकतो, आणि वर खरेदीदाराचं कर्जही कमी होतं. या वयात काकांच्या मागे प्राप्तिकर खात्याची नोटीस लावून देण्यात कोणाचं भलं आहे?

काकांनी दोन्ही कागद बघूनही १ कोटी १५ लाखच म्हटले तर? तुमच्या अंदाजाचा भाव एका पानावर लिहून, खाली तारीख घालून त्यांच्याकडे ठेवा आणि नमस्कार करून निघा. काम हातचं जाईल, हे मला कळतं. पण असे बरेच मालक सहा-आठ महिन्यांनी तेच पान काढून फोन करतात, आणि तेव्हा बोलणं सरळ होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नामागेही एक गृहीत आहे. आधीचे चौघं आळशी होते, आपण जास्त मेहनत केली की विकलं जाईल. चौघांच्या बाजूनं बघा. काकांनी एकाच घराची माहिती एका पाठोपाठ एक आणि बहुधा एकाच वेळीही अनेकांना दिली. कोणाशीही लेखी काही नाही. आपण खर्च करून फोटो काढायचे, कागद तपासायचे, आणि घर विकणार दुसराच. मग कोण कशाला खोलात शिरेल? पोर्टलवर तेच घर चार वेळा, चार भावांना, तीन वेगवेगळ्या क्षेत्रफळांसह झळकतंय का ते आजच बघा. बहुतेक झळकत असेल. खरेदीदार ते बघतो आणि मनाशी म्हणतो, इतके दिवस कोणी घेत नाही म्हणजे काहीतरी घोळ आहे.

म्हणून काकांकडून तीन महिन्यांचं एकट्या तुमच्या नावे लेखी अधिकारपत्र मागा. त्या बदल्यात तुम्ही काय करणार तेही त्यातच लिहा: कागदपत्रांची फाइल, मोजमाप, फोटो, दर पंधरवड्याला कोण आलं आणि काय म्हणालं याचा हिशेब. तीन महिन्यांनी काका मोकळे. जुन्या जाहिराती काढून टाकायला काकांनीच त्या चौघांना फोन करायला हवा, तुम्ही करू नका. आणि त्या चौघांनी आधी ज्यांना घर दाखवलंय त्यांची नावं मागून घ्या. त्यांपैकी कोणी घर घेतलं तर त्या एजंटचा दलालीतला वाटा द्यायचं आधीच कबूल करा. धंद्यातला मान त्यानं राहतो. शिवाय टोकनवाली पार्टी कोण आणि ती का फिरली, याचा माग तुम्हाला या एजंटांकडूनच लागणार आहे. कोण जाणे, काकूंच्या हिश्शाचं काम झालं हे कळल्यावर तीच पार्टी परतही येईल. अजून घर शोधत असेल तर पहिला फोन तिलाच करा.

घराच्या सजावटीवर फार वेळ घालवू नका. पडदे उघडे, ट्यूब चालू, माळ्यावरचा आणि बाल्कनीतला साठा कमी केलेला, एवढं पुरे. काकूंचं कपाट आवरायचं असेल तर मुलगी येईल तेव्हा तिलाच आवरू द्या. एक गोष्ट मात्र मनापासून सांगते: बाथरूमच्या भिंतीला ओल असेल तर त्यावर रंग मारून झाकू नका. गळती काढून घ्या, किंवा ओल आहे असं सांगून दुरुस्तीचा खर्च भावात धरा. पावसाळ्यात ती पुन्हा फुटतेच, आणि तुम्हाला याच भागात वर्षानुवर्षं काम करायचंय.

रिडेव्हलपमेंटबद्दल. जुन्या इमारतींचे भाव बहुतेक इथेच अडकतात. मालक उद्याच्या नव्या, मोठ्या फ्लॅटचे पैसे आज मागतो आणि खरेदीदार आजच्या जुन्या भिंतींचे पैसे देतो. ‘चर्चा आहे’ हा शब्द जाहिरातीत वापरू नका. नेमकी पायरी विचारा. आधी बघा की ती सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट (फ्लॅटमालकांची असोसिएशन), कारण पुण्यात दोन्ही असतात आणि कागद वेगळे असतात. सोसायटी असेल तर ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली सगळी कार्यपद्धती दिली आहे. सर्वसाधारण सभेचा ठराव झालाय का, वास्तुविशारदाचा व्यवहार्यता अहवाल आलाय का, निविदा मागवल्यात का, उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर विकसक निवडलाय का, करारनामा नोंदलाय का? आणि मुळात जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी देणं) सोसायटीच्या नावे झालंय का? सेक्रेटरींकडून ही माहिती लेखी घ्या. नुसत्या गप्पा असतील तर त्याचा भाव शून्य धरा आणि काकांनाही तसं सांगा. विकसकाशी करार झाला असेल तर गिऱ्हाईकच वेगळं: भाड्याच्या घरात थांबायची तयारी असलेलं, हातात पैसे असलेलं. आणि मग काकांनी विकावं की नव्या, लिफ्टवाल्या घरासाठी थांबावं, हा प्रश्नही नव्यानं मांडावा लागेल. तुमची दलाली बुडत असली तरी मांडा.

हे घर कोण घेईल याचा विचार तुम्ही पत्रात केलेला दिसत नाही. माझ्या मते तो माणूस आसपासच भाड्यानं राहतोय. मुलांची शाळा इथे आहे, पस्तिशीतलं जोडपं आहे, तीन जिने त्यांना जड नाहीत, आणि नव्या इमारतीचे भाव आवाक्याबाहेर आहेत. पोर्टलवर पैसे घालण्याआधी शेजारच्या दहा-बारा सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर आणि ग्रुपवर एक साधी, खरी जाहिरात लावा: कार्पेट क्षेत्रफळ, मजला, लिफ्ट नाही, पार्किंग सोसायटीनं रीतसर दिलेलं आहे की आळीपाळीनं मिळतं, कागद तयार, भाव. ‘लिफ्ट नाही’ हे जाहिरातीतच लिहा. व्हिजिट निम्म्यावर येतील, पण येतील ते घेण्यासाठी.

तुमचा तिसरा प्रश्न. धंदा उभा राहील का? राहील, पण निवड करावी लागेल. अडकलेल्या घरांतली काही कागदामुळे अडलेली असतात, काही भावामुळे, काही चुकीच्या गिऱ्हाइकामुळे. ती तुमची. जिथे वारस एकमेकांशी बोलत नाहीत, जिथे मूळ करारच सापडत नाही आणि मालकाला तो शोधायचाही नाही, किंवा जिथे मालकाला मनातून विकायचंच नाही, ती घरं नाकारा. एकेका घरावर चार-सहा महिने जातात आणि दलाली खरेदीखत झाल्यावर येते. तोवर घर चालवायला भाडेकरारांचं काम सोडू नका. एका वेळी अशी दोनच घरं हातात ठेवा. कागदपत्रं लावून द्यायचं काम बरंच मोठं असेल तर त्याचे वेगळे पैसे आधीच ठरवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, ती मेहनत विक्रीपासून वेगळी आहे.

पोर्टलवरून जुन्या जाहिरातींचे नंबर काढून ‘तुमचा फ्लॅट पडून आहे ना’ असे फोन करू नका. पलीकडचा माणूस दोन वर्षं असे फोन घेऊन वैतागलेला असतो. असं काम ओळखीतून वाढतं: सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेची कर्ज विभागातली माणसं, मालमत्तेचे कागद करणारे वकील. कर्ज कुठल्या घरांचं अडलं हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आणि परीक्षा तुम्ही केलीच असेल. तरी लक्षात असू द्या, १९९४ची इमारत महारेराच्या प्रकल्प-नोंदणीत येत नाही. नव्या प्रकल्पात संकेतस्थळावर जे बघायला मिळतं ते या खरेदीदाराला कुठेच बघायला मिळणार नाही. त्याच्यापुढे असेल ती तुम्ही लावलेली फाइल आणि तुमचा शब्द.

या आठवड्यात एवढंच करा. काकांना विचारा कुठे राहणार. करारनाम्याचं पहिलं पान बघा. टोकनच्या वेळी जो एजंट होता त्याला फोन करून त्या पार्टीचं काय झालं ते ऐका. काकूंचं नाव करारात निघालं तर काकांना सांगून नाशिकला मुलीशी बोला, आणि मुलाला फोन लावायचं त्या दोघांवर सोपवा. भावाचं बोलणं त्यानंतरच्या आठवड्यात.